रोजचे सात लिटर

आमच्या घरात तेलाच्या डब्यावर तारीख लिहिलेली असते. डबा फोडला की मी ती लिहितो, संपला की दुसरी लिहितो आणि मधल्या दिवसांनी तेलाला भागतो. गॅसच्या सिलिंडरचंही तेच. बायको पंचवीस वर्षं हे बघते आहे. मध्यंतरी म्हणाली, "अहो, एकदा माझ्याही कपाळावर तारीख टाका. कधी सुरू केली आणि किती दिवस पुरली." मी हसलो, पण पेन खाली ठेवलं नाही.

बोरिवलीत रस्ते दुरुस्तीची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी नोकरी करतो. यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि डिझेल, हे तीन विषय माझ्याकडे आहेत. ऑफिस स्टेशनपासून दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. यंत्रं मात्र कधी आरे कॉलनीतल्या पाड्यांच्या रस्त्यांवर, कधी आणखी कुठे. मी सांगतो आहे त्या वर्षी ती गोराईला होती. गावातले, शेतांमधले रस्ते होते. खड्डे खणून भरायचे, काही ठिकाणी डांबराचा नवा थर द्यायचा. तीन यंत्रं होती: एक रोलर, एक लोडर आणि जुनं डांबर फोडायला एक कॉम्प्रेसर.

गोराई बोरिवलीकरांना समोर दिसते. जेट्टीवर उभं राहिलं की खाडीपलीकडे झाडं दिसतात, आणि फेरीबोटीने दहा-पंधरा मिनिटांत माणूस पोचतो. डिझेलचं तसं नाही. डिझेल रस्त्याने न्यावं लागतं: दहिसर, मीरा रोड, भाईंदर, उत्तन आणि मग खाली गोराई. आमच्या टेम्पोच्या काट्यावर एका बाजूने छत्तीस किलोमीटर.

हे काम माझ्याकडे आलं तेव्हा आमचे लोक काय करत होते, ते ऐकून मी खुर्चीतून उठलो. भाजीच्या रिकाम्या गोणपाटाखाली दोन कॅन झाकून ते फेरीबोटीतून न्यायचे. बोटीत पन्नास माणसं, त्यातला एखादा बिडी ओढणारा. त्याच दिवशी ते बंद केलं. मग टेम्पोतून पिंप आणि हातपंप. त्यात डिझेल सांडायचं, टेम्पो भाईंदरला अडकायचा, आणि तोपर्यंत यंत्र उभं. मी पंधरा दिवसांची नोंद ठेवली. डिझेलची वाट बघण्यात रोज सरासरी पावणेदोन तास जात होते.

मग मी बाउझर लावला. बाउझर म्हणजे छोट्या टेम्पोवर बसवलेली डिझेलची टाकी. तिला पंपावर असतो तसा मीटर आणि नळी असते, आणि भरून झालं की पावती छापून येते: वेळ, लिटर, दशांशापुढे दोन आकडे. सकाळी साडेसहाला बोरिवलीहून निघायचा, साडेदहाच्या आत गोराईत तिन्ही यंत्रांपर्यंत जाऊन डिझेल भरायचा. नियमांचा कागद मीच केला, प्लास्टिकमध्ये घालून बाउझरवर लावला. पहिला नियम: इंजिन बंद केल्याशिवाय डिझेल भरायचं नाही. दुसरा: डिझेल शक्यतो थेट टाकीत भरायचं, कॅनमध्ये नाही. वाट बघण्याचा वेळ वीस मिनिटांवर आला. शेठ, म्हणजे आमचे मालक, ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, याला म्हणतात काम." मला बरं वाटलं. नाही कशाला म्हणू?

महिना झाल्यावर मी सगळ्या पावत्या टेबलावर पसरल्या. लोडर ठीक. कॉम्प्रेसर ठीक. रोलर ठीक नव्हता.

रोलर दिवसाला पाच तास चालत होता. हे तास साइटवरच्या सुपरवायझरच्या डायरीतून घेतलेले, कारण रोलरचं तास मोजणारं मीटर कधीच बंद पडलं होतं. तासाला पाच लिटर धरले तर पंचवीस व्हायला हवेत. पावत्या बत्तीसच्या. रोज सात लिटर जास्त. एखाद्या दिवशी नव्हे, रोज. सव्वीस दिवसांचे एकशे ब्याऐंशी. आणि दुसरी गोष्ट, रोलरच्या प्रत्येक पावतीवर बाउझरवाल्याने पेनने लिहिलं होतं, "कॅनमध्ये दिले." तिघांतला हा एकटाच, ज्याचं डिझेल थेट टाकीत जात नव्हतं.

आमच्या धंद्यात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कॅन उचलून नेता येतो, टाकी नाही.

सुपरवायझरला मी विचारलं नाही. तोही सामील असेल तर, असा विचार केला. सरळ शेठकडे कागद नेला. ते माझ्याच वयाचे, वडिलांचा धंदा पुढे चालवणारे.

"किती?"

"रोज सात."

"कोण?"

"रोलर."

शेठनी कागद जवळ ओढला. रोलरवरचा ऑपरेटर त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा, बावीस वर्षं एकाच कंपनीत. मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते, घाटकोपरला टेकडीवर खोली. आठवडाभर तो आणि लोडरवाला गोराईतच भाड्याने राहायचे.

"म्हातारा? तो घेईल असं वाटत नाही रे."

"म्हातारा नाही, छप्पन्नचा आहे."

"तुझा आकडा पक्का?"

"आकडा पक्का आहे."

"मग सोमवारी सांगतो त्याला, घरी बस म्हणून. डिझेलमध्ये हात घालणारा मला नको."

आकडा पक्का आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. माणूस चोर आहे का, हे विचारलं नाही, आणि मीही आपणहून काही म्हणालो नाही. जिना अर्धा उतरून मात्र थांबलो. उपनगरात ही कामं घेणारे लोक मोजके आहेत आणि सगळे एकमेकांना फोन करतात. डिझेल चोरला म्हणून काढलेल्या ऑपरेटरला पुन्हा कुणी यंत्रावर बसवत नाही. छप्पन्नाव्या वर्षी तर नाहीच. गावी घर बांधायला काढलंय, अर्धं छप्पर झालंय, दोन वर्षांनी तिकडेच जाणार, असं तो मला मागच्या दिवाळीत सांगत होता. मी परत वर गेलो आणि शेठना म्हणालो, "शनिवारी मी स्वतः जाऊन बघतो. तोवर कुणाला काही सांगू नका."

"तूच म्हणालास ना पक्का?"

"पक्काच आहे. तरी बघतो."

तो बुधवार होता. गुरुवारी आणि शुक्रवारी माझं मन कुठेच लागलं नाही. बेरीज तीनदा केली. चूक सापडावी असंही वाटत होतं आणि सापडू नये असंही. ऑफिसात एका जागी बसवेना. दोनदा खाली जाऊन चहा प्यालो, दोन्ही वेळा अर्धा टाकला. शुक्रवारी जेवताना बायको म्हणाली, "काय मोजताय? दोनच पोळ्या आहेत ताटात."

मी तिला सगळं सांगितलं.

"सात लिटर रोज? नेतो कुठे तो? डोक्यावर घेऊन बोरिवलीला येतो?"

"तिथेच कोळ्यांच्या होड्या आहेत. त्यांना डिझेल लागतं."

"त्यांना विकताना पाहिलंत?"

"नाही."

"होडीवाल्याला विचारलंत?"

"नाही."

"मग इथे बसून आमटी कशाला गार करताय? जा ना बघायला."

"उद्या जातोच आहे."

"आणि जाताना ते तोंड घरी ठेवून जा. आधीच निकाल लावल्यासारखं दिसतंय."

शनिवारी साडेआठलाच जेट्टीवर पोचलो. बोट समोर लागलेली होती, पण भरेपर्यंत सुटत नव्हती. मी दोनदा घड्याळ बघितलं. शेजारी एक मावशी रिकाम्या टोपल्या घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बसा हो, खाडी कुठे पळत नाही." मी बसलो आणि लगेच उठलो.

गावातल्या विहिरीजवळच्या वळणावर काम चाललं होतं. मी लांबूनच रोलर बघितला. पिवळा रंग नवाकोरा, पावसाळ्याआधी ऑफिसनेच लावून घेतलेला. इंजिन सुरू होतं आणि रोलर जागेवर उभा होता. ऑपरेटर चिंचेच्या सावलीत बसला होता. त्याच्या पायाशी एक कॅन आणि पत्र्याचं नरसाळं. मी खिशातल्या वहीत लिहिलं: नऊ चाळीस, इंजिन सुरू, काम नाही. मनात हिशेब केला, जागेवर उभ्या इंजिनला अर्ध्या तासाला लिटरभर लागेल. सात कुठे, एक कुठे.

मला बघून तो उठला. माझ्याशी तो शहरातलं मराठी बोलायचा, घाईत किंवा रागात असला की मालवणी.

"या साहेब. आज इकडे वाट चुकलात?"

"इंजिन का चालू ठेवलंय?"

"माल येतोय ना." माल म्हणजे प्लांटवरून डंपरमधून येणारं गरम डांबर आणि खडी.

"आल्यावर चालू करा."

तो माझ्याकडे बघून किंचित हसला. "तुमका माहीत नाय?"

"काय माहीत नाही?"

"ऱ्हवांदे, राहू दे," तो म्हणाला आणि पुन्हा खाली बसला.

ते हसणं मला लागलं. हा माणूस मला वेडा समजतो, असं वाटलं. सुपरवायझर तेवढ्यात मोटरसायकलवरून आला. तिशीचा, बोलायला भरभर. "सर, तुम्ही? सांगायचं ना, चहा सांगून ठेवला असता." मी म्हटलं, चहा नको, मी फक्त बघायला आलोय. त्याने मोटरसायकल सावलीत लावली.

दहाला डंपर आला. मजुरांनी माल उतरवून वळणावर नऊ मीटर लांबीचा पट्टा पसरला. दाताळ्यांनी सारखा केला. मी माझा सळईसारखा लांब टोकाचा थर्मामीटर त्यात खुपसला: एकशे अडतीस अंश. चांगला माल. हा नव्वदच्या खाली जायच्या आत रोलर फिरून दाबला गेला पाहिजे. नंतर तो कितीही दाबा, धरत नाही, पावसाळ्यात उखडतो. पसरलेला माल भरभर गार होतो, हे मी इतरांना शिकवत आलो आहे.

ऑपरेटर रोलरवर चढला आणि नेमका तेव्हाच बाउझर आला. बाउझरवाल्याने गाडी लावली आणि सरळ रोलरचा कॅन उचलायला गेला.

"कॅन नको," मी म्हणालो. "आज थेट टाकीत भर."

"इंजिन चालू आहे साहेब. तुमचाच नियम."

"इंजिन बंद होईल." मी रोलरकडे वळलो. "बंद करा. चार मिनिटांत भरून होईल."

"नको हां साहेब. माल पडलाय. हा पट्टा मारून घेतो, मग सांगाल ता."

मी आकडा मनात करून ठेवलेलाच होता. चार मिनिटांत माल दहा-बारा अंशांनी उतरेल, तरी सव्वाशे उरतात. भरपूर झाले. आणि मला वाटत होतं, पट्टा मारून होईपर्यंत हा कॅन पुन्हा भरून घेईल आणि मी काय बघायला आलो ते राहूनच जाईल.

"आत्ता. बंद करा."

सगळे थांबले. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग दाताळ्या घेऊन उभ्या असलेल्या मजुरांकडे.

"ऐकला ना सगळ्यांनी? साहेब सांगतायत म्हणून बंद करतोय."

चावी फिरवली. इंजिन थांबलं. इतका वेळ तो आवाज कानात बसला होता. तो गेल्यावर विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर ऐकू आली. बाउझरवाल्याने नळी लावली. सत्तावीस लिटर चाळीस. पावती छापून आली. मी वेळ बघितली: साडेतीन मिनिटं. माल एकशे सत्तावीस. मला माझं गणित बरोबर आल्याचं समाधान झालं.

"करा चालू."

त्याने चावी फिरवली. टक् असा एक आवाज आला. पुन्हा फिरवली. टक्. तिसऱ्यांदा तोही आला नाही. त्याने हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत बसला.

"काय झालं?"

"काय होतला? बॅटरी मेलेली आसा. दीड महिनो झालो."

"मग रोज चालू कसा होतो?"

"सकाळी लोडर बाजूक लावतंव. लोडरच्या बॅटरीक वायरी जोडून हेका उठवतंव. मग लोडर जाता तिकडे मनोरीच्या रस्त्यार, आणि मी ह्यो संध्याकाळपर्यंत बंद करी नाय."

"सांगितलं का नाही ऑफिसला?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "चिठी दिलंय मी. तुमच्या हापिसात. तुमका ती गावली नाय?"

मला ती चिठ्ठी दिसली. अगदी डोळ्यांसमोर. आमची छापील मागणी-चिठ्ठी, "रोलरला नवीन बॅटरी", खाली सुपरवायझरची सही. आणि वरचा "यंत्र क्रमांक" हा रकाना रिकामा. मी त्या रकान्यात लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि चिठ्ठी अपुऱ्या चिठ्ठ्यांच्या ट्रेमध्ये ठेवली होती. रकाना भरून येईल तेव्हा पुढे पाठवू. कुणाला फोन केला नव्हता. चिठ्ठी अपुरी आहे हे त्यांना कळणार कसं, हा विचारच माझ्या मनात आला नव्हता. गोराईला आमच्याकडे रोलर होता एकच.

"सर, वाट लागली," सुपरवायझर म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारून मनोरीकडे सुटला. वायरी लोडरवर होत्या.

मी पट्ट्याशेजारी उकिडवा बसलो. दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून थर्मामीटर वाचत राहिलो. एकशे अठरा. एकशे नऊ. मजूर डंपरमध्ये उरलेल्या मालावर ताडपत्री ओढत होते. उठलो, रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेलो, मनोरीकडे बघितलं, परत आलो. एकशे एक. विहिरीवर कपडे धुणारी एक बाई मोठ्याने म्हणाली, "ताप बघताय काय रस्त्याचा? द्या एक गोळी!" मजूर हसले. ऑपरेटर हसला नाही. तो रोलरवरून उतरला आणि कॅन उचलून सावलीत ठेवला.

"यंत्र क्रमांक लिहिला असता तर," मी म्हणालो. मला गप्प बसायला हवं होतं.

"नंबर?" तो म्हणाला. "खंय आसा नंबर? दाखवा माका."

मी रोलरभोवती फिरलो. पुढून, मागून, सीटखाली, इंजिनाच्या बाजूने. नंबराची पट्टी जिथे असते तिथे नवाकोरा पिवळा रंग होता. नखाने खरवडला. खाली पट्टीच नव्हती, रिव्हेटची चार भोकं तेवढी होती. रंग देताना कुणी तरी ती काढली असणार आणि परत लावली नसणार. रंग लावून घेणारं आमचं ऑफिसच.

"सुपरवायझर माका म्हणालो, कायतरी नंबर टाक," ऑपरेटर म्हणाला. "म्हटलंय, खोटो नंबर कित्याक टाकू? रिकामी ठेय."

चौऱ्याऐंशी. तोवर सुपरवायझर परतला नव्हता.

वायरी आल्या, डंपर शेजारी लावून त्याच्या बॅटरीवर रोलर सुरू झाला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. तो पट्टा मजुरांनी फावड्यांनी उचलून रस्त्याकडेला ढीग केला. डंपरमधला ताडपत्रीखालचा माल अजून गरम होता. त्यातून तोच पट्टा पुन्हा घातला, आणि त्या दिवशी व्हायचे होते त्याच्या अर्धेच पट्टे झाले. मी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तिथेच बसलो आणि वहीत दोन रकाने केले: रोलर फिरत होता ती मिनिटं आणि जागेवर उभा होता ती. इंजिन रोज एकूण नऊ तास सुरू असतं, असं ऑपरेटरने सांगितलं. सुपरवायझर डायरीत फिरण्याचेच तास लिहायचा, त्याला तेवढेच विचारलेले होते. नवातून पाच गेले, चार उरले. मधल्या वेळेत मी टाकीत गज घालून उभ्या इंजिनाचा खप मोजला: तासाला पावणेदोन लिटर. गुणिले चार.

सात.

इतकं चोख उत्तर माझं क्वचित आलं असेल. कॅनचंही कोडं उरलं नाही. इंजिन बंद केल्याशिवाय नळी लावायची नाही हा माझा नियम, आणि इंजिन बंद करणं त्याला शक्य नव्हतं. म्हणून तो कॅन भरून घ्यायचा आणि नंतर चालत्या इंजिनावरच नरसाळ्याने टाकीत ओतायचा. फेरीबोटीतून कॅन न्यायला मी ज्या भीतीने बंदी केली, तेच तो रोज माझ्या नियमामुळे करत होता. एकदा हातावर गरम पाइप लागल्याचा डाग त्याने दाखवला, मी विचारलं नव्हतं तरी.

मी निघालो तेव्हा तो जेट्टीच्या रिक्षापर्यंत माझ्याबरोबर आला. रोलर मागे तसाच धडधडत होता.

"साहेब, एक विचारू? तुम्ही आज बघायला आलात कशाला? रोलर, की मला?"

खोटं सांगता आलं असतं. "तुम्हाला," मी म्हणालो. "रोज सात लिटर जास्त दिसत होते. मी तुमचं नाव शेठना लिहून दिलंय."

तो थांबला. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

"लिवलात," तो म्हणाला. "मालक काय म्हणाले?"

"सोमवारी घरी बसा म्हणणार होते."

"बावीस वर्सां," तो म्हणाला. "सोमवारी मी कामार येव की नको, ता तेवढा सांगा."

"या."

"तुम्ही सांगताय, की मालक?"

मी रिक्षात चढलो. बोटीत मी उभाच राहिलो.

बोरिवलीला उतरून घरी न जाता ऑफिस उघडलं. ट्रेमधली चिठ्ठी काढली. लाल प्रश्नचिन्ह मोठं होतं, मला आठवत होतं त्याहून मोठं. शेठच्या घरी फोन केला. ते कुठल्या तरी लग्नात होते, सोमवारी बोलू म्हणाले. मी म्हटलं, सोमवारी सकाळी आठच्या आत बोलू, त्याला काही सांगायच्या आधी. रविवार कसा गेला ते विचारू नका. बायको एकदाच म्हणाली, "त्यांना माहीत असेल ना, तुम्ही चुकलात हे?" मी म्हटलं, "त्याला माहीत आहे. शेठना नाही." "मग सांगा की. त्यात काय मोजायचंय?"

सोमवारी आठला मी एक पान शेठपुढे ठेवलं. सात लिटर कुठे गेले, ते रकान्यांसह. मग: बॅटरीची मागणी-चिठ्ठी दीड महिना माझ्याकडे पडून होती. चिठ्ठीत रिकामा असलेला क्रमांक यंत्रावरच नाही. शनिवारचा पट्टा माझ्या आदेशामुळे वाया गेला. ऑपरेटरने इंजिन बंद करू नका असं सांगितलं होतं. खाली माझी सही.

शेठनी वाचलं आणि चष्मा काढला. "हे सगळं लिहायची काय गरज होती? बॅटरी बसव, विषय संपला."

"त्याचं नाव मी लिहून दिलं होतं. खोडायचं तर लिहूनच."

"आणि पट्टा? महापालिकेच्या रस्ते खात्याचा इंजिनियर विचारेल."

"त्याला हेच दाखवा."

"तू पण ना." त्यांनी कागद घडी करून खणात टाकला. "ठीक आहे. राहू दे त्याला. पण पुढच्या वेळी आकडा पक्का आहे का विचारलं, तर जरा थांबून उत्तर दे."

बॅटरी मी स्वतः नेली. बाउझरची फेरी गेलेली होती आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणं माझ्याच्याने होईना. कोरडी, आम्ल न भरलेली बॅटरी घेतली, म्हणजे बोटवाल्याचीही हरकत नको. तरी ती खांदा उतरवणारी होती. आम्ल सुपरवायझरने रस्त्याने आणलं. बॅटरी भरून, बसवून, ऑपरेटरने चावी फिरवली. इंजिन लागलं. बंद केलं. पुन्हा लागलं. तिसऱ्यांदा लावून, बंद करून तो खाली उतरला.

"ती चिठी माका दिया," तो म्हणाला.

"कोणती?"

"माजी. लाल खूण केलेली."

मूळ कागद फायलीतून बाहेर द्यायचा नाही, हा माझा नियम आहे. मी म्हटलं, उद्या देतो. दुसऱ्या दिवशी दिली. मूळ त्याला, झेरॉक्स फायलीत. त्याने ती चार घड्या करून पाकिटात ठेवली. कशाला हवी होती, ते मी विचारलं नाही. कुठे दाखवायला नसेल. कदाचित घरी.

त्यानंतर आमच्या रोजच्या पत्रकात "उभे राहिलेले तास" असा एक रकाना आला. अपुऱ्या चिठ्ठ्यांचा ट्रे मी काढून टाकला. आता रकाना रिकामा दिसला की आधी फोन करतो. रोलरला नवी पट्टीही लावली, माझ्यासमोर. डिझेल आता थेट टाकीत जातं, पंचवीस, सव्वीस, कधी चोवीस.

पण मी गोराईला गेलो की अजून एक होतं. रस्त्याच्या वळणावर मी दिसलो की तो आहे तिथे रोलर थांबवतो. पट्टा अर्धा झालेला असला तरी. चावी फिरवून इंजिन बंद करतो, हात मांडीवर ठेवतो आणि माझ्याकडे बघत राहतो. मजूर दाताळ्या टेकवून उभे राहतात. गरम मालाचा वास येत असतो आणि माझी बोटं थर्मामीटरकडे जातात.

"करू चालू, साहेब?" तो विचारतो.

"करा," मी म्हणतो.

इंजिन पहिल्या झटक्यात लागतं. तो पुढे जातो. मी वहीत लिहितो: उभा, एक मिनिट.